आपल्या भागाचा नकाशा राखायचा कसा? ओपनस्ट्रीटमॅपवरच्या बदलांवर नजर ठेवू पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून एखादं दुकान किंवा बसथांबा टाकायला पाच मिनिटं पुरतात. टाकलेलं पुसायला त्याहून कमी. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडात हा नकाशा सुरू केला, तेव्हापासून त्याचा पाया हाच आहे: कोणीही या, कोणीही बदला. आधी परवानगी नाही, मंजुरीची रांग नाही. बदल 'सेव्ह' केला की तो थेट खऱ्या नकाशात जातो. तपासणी होते ती नंतर, आणि तीही कोणी केली तरच.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे 'कोणी केली तरच' जरा जास्तच अडचणीचं ठरतं. रस्ते, पूल, मेट्रोचे खांब, पुनर्विकास यांचा इतका सपाटा चालू आहे की नकाशात भर घालणारे पुष्कळ सापडतात, भरलेलं राखणारे मात्र मोजकेच. नवीन माणूस राखणीला बसला की पहिल्याच आठवड्यात एक तर कंटाळतो, नाही तर कोणाशी तरी भांडून बसतो. दोन्ही टळावं म्हणून हे लिहितोय.

चूक नकाशातच राहत नाही, हेही आधी सांगून टाकतो. हा डेटा कोणालाही उतरवून घ्यायची मुभा आहे. २०१२ पासून तो ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) या खुल्या परवान्याखाली आहे. ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड अशी ॲप त्याची प्रत घेऊन चालतात. तुम्ही आज दुरुस्ती केलीत तरी समोरच्याच्या फोनमधला नकाशा तो अपडेट करेल तेव्हाच सुधारणार. तोवर त्याची रिक्षा चुकीच्याच गल्लीत वळणार.

## काय काय हवं

- ओपनस्ट्रीटमॅपचं स्वतःचं खातं. ईमेल नेहमी पाहता तोच द्या, कारण संदेश आणि प्रतिसाद तिथेच येतात.
- ब्राउझरमध्ये चालणारा 'आयडी' (iD) नावाचा एडिटर, म्हणजे नकाशात बदल करायचं साधन. वेगळं काही बसवावं लागत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर तो 'वॉकथ्रू', म्हणजे हात धरून शिकवणारा सराव, करायचा का विचारतो. तो टाळू नका.
- 'ओएसएमचा' (OSMCha) नावाची वेबसाइट. ओएसएम म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. बदल पाहायला आणि गाळायला हीच मुख्य. ओपनस्ट्रीटमॅपच्याच खात्यानं लॉगिन होतं.
- जोसम हा संगणकावर चालणारा एडिटर. सुरुवातीला नको, पण सातव्या पायरीला लागेल.
- फोनमध्ये स्ट्रीटकम्प्लीट किंवा एव्हरी डोअर. जागेवर उभं राहून तपासायला.
- आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदी आपोआप आणून देणारा दुवा, वाचणारं कुठलंही ॲप.
- वही. खरोखरची, कागदाची. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

कागदपत्रं काहीच लागत नाहीत, ओळखपत्रही नाही. गुगल मॅप्सवर बघून इथे उतरवणं मात्र चालत नाही, एक नावसुद्धा नाही. तो डेटा त्यांचा आहे, आणि असं उतरवलेलं सापडलं तर सगळं काढून टाकलं जातं, त्यात तुमचं चांगलं कामही वाहून जातं.

## १. हद्द आखा, आणि ती लहान ठेवा

'नवी मुंबई मी बघतो' म्हणणारा प्रत्यक्षात काहीच बघत नसतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचे बदल रोज वाचायचे म्हटलं तर ती नोकरी होईल. त्यापेक्षा आपण रोज जिथून जातो तेवढंच घ्या. ठाण्यात राहत असाल तर नौपाडा-पाचपाखाडी पुरे. नेरूळमध्ये असाल तर स्टेशनच्या एका बाजूचे सेक्टर. माझी कसोटी साधी आहे: संशय आला तर संध्याकाळी चालत जाऊन खात्री करता येईल का? येत नसेल तर हद्द मोठी झाली आहे.

नकाशावर हद्दीचा चौकोन आखताना खाडीकडे बघा. ऐरोलीचा चौकोन जरा पश्चिमेला सरकला की पलीकडचं मुलुंड-भांडुप आत येतं, आणि मग तिथले बदल तुमच्या यादीत गर्दी करतात. ओएसएमचावर चौकोनाऐवजी वेडावाकडा आकारही देता येतो. खाडीकाठच्यांनी तोच द्यावा.

## २. इतिहास वाचायला शिका

नकाशातली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका प्रकारची असते. नोड म्हणजे एक बिंदू: झाड, एटीएम, बसथांबा. वे म्हणजे बिंदू जोडून झालेली रेघ किंवा बंद आकार: रस्ता, इमारत, तलाव. रिलेशन म्हणजे अनेक गोष्टींची मोट: बसमार्ग, महापालिकेची हद्द. प्रत्येकाला टॅग, म्हणजे ती गोष्ट काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या, लावलेले असतात आणि प्रत्येकाची आवृत्ती मोजली जाते. बदल झाला की आवृत्ती एकानं वाढते. जुनी आवृत्ती पुसली जात नाही. डिलीट केलेल्या गोष्टीचाही इतिहास शिल्लक राहतो.

एका बैठकीत केलेले बदल एका चेंजसेटमध्ये जातात. एका चेंजसेटमध्ये जास्तीत जास्त १०,००० बदल बसतात. तासभर हालचाल झाली नाही तर तो आपोआप बंद होतो, आणि चोवीस तासांपलीकडे तर उघडा राहूच शकत नाही. बंद झाल्यावर त्याचं वर्णन बदलता येत नाही. म्हणून स्वतः काम करताना 'फिक्स', 'अपडेट' असलं काही लिहून मोकळे होऊ नका. उद्या कोणी तरी तुमचंही वाचणार आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते टोलनाक्यावर बघू. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. त्यात वाशी आणि ऐरोलीही आले. अशी बातमी आली की लोकांचे हात शिवशिवतात. समजा, एखाद्यानं ऐरोलीच्या नाक्यावरचा टोलबूथ नकाशातून उडवला आणि रस्त्यावरचा टोलचा टॅग 'यस'चा 'नो' केला. बूथचा इतिहास उघडलात तर शेवटच्या आवृत्तीवर 'डिलीटेड' दिसेल. रस्त्याची आवृत्ती एकानं वाढलेली असेल, रेघ जागच्या जागी, बदलला तो एकच टॅग. दोन्हीचा चेंजसेट क्रमांक एकच. त्या चेंजसेटवर गेलात तर वर्णन 'टोल काढला', सोर्सचा, म्हणजे माहिती कुठून घेतली त्याचा, रकाना रिकामा, एडिटर आयडी, आणि त्या माणसाच्या नावावर जेमतेम दोन-चार चेंजसेट.

हे सगळं एकत्र वाचलं की चित्र उभं राहतं. माणूस वाईट हेतूनं आलेला नाही, त्यानं बातमी अर्धीच वाचली. माफी हलक्या वाहनांना होती. ट्रकवाल्याला टोल भरावाच लागत होता आणि बूथही जागेवरच होता. म्हणजे दुरुस्ती काय? बूथ परत आणायचा आणि टोलचा टॅग अवजड वाहनांपुरता करायचा. हे कळायला नकाशाकडे नुसतं बघून भागत नाही. इतिहास वाचावा लागतो.

एखाद्या वेच्या दहा-पंधरा आवृत्त्या झाल्या असतील तर ओपनस्ट्रीटमॅपच्या पानावर वाचताना डोळे शिणतात. तेव्हा 'ओएसएम डीप हिस्टरी' वापरा. तिथे सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी तक्त्यात दिसतात आणि कुठला टॅग कधी बदलला ते एका नजरेत कळतं.

## ३. बदलांची वर्दी आपोआप येऊ द्या

ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य पानावर 'हिस्ट्री' दाबलं की समोर दिसणाऱ्या भागातले चेंजसेट येतात. नवखे इथेच अडकतात. ही यादी चेंजसेटच्या चौकोनावरून, म्हणजे त्यातले सगळे बदल मावतील अशा चौकोनावरून, ठरते. कोणी एकाच बैठकीत दिल्लीत एक दुकान आणि चेन्नईत एक देऊळ टाकलं, तर त्याचा चौकोन अर्ध्या देशावर पसरतो आणि तो तुमच्या नौपाड्याच्या यादीतही येतो, नौपाड्यात त्यानं बोटही लावलेलं नसताना. असे भलेमोठे चौकोन दिसले की घाबरू नका, पुढे चला. (आणि स्वतः असं करू नका. एका गावचं काम एका चेंजसेटमध्ये.)

ओएसएमचावर जाऊन फिल्टरमध्ये आपली हद्द आखा, नाव द्या, सेव्ह करा. सेव्ह केलेल्या फिल्टरचा आरएसएस दुवा मिळतो. तो आरएसएसच्या ॲपमध्ये टाकला की काम झालं. रोज साइट उघडून बसायची गरज नाही. मी सकाळच्या लोकलमध्ये यादी चाळतो आणि संशयास्पद वाटेल ते घरी जाऊन संगणकावर उघडतो. फोनच्या पडद्यावर निर्णय घ्यायच्या फंदात पडत नाही, तुम्हीही पडू नका. बोटाएवढ्या पडद्यावर उड्डाणपूल आणि खालचा रस्ता सारखेच दिसतात.

## ४. आधी काय बघायचं

सगळं वाचायचं नसतं. हा माझा क्रम:

डिलीट आधी. भर घातलेली चूक दिसते तरी, गेलेली गोष्ट दिसतच नाही. 'ओएसएमचा' ही साइट एखाद्या चेंजसेटवर मोठ्या प्रमाणात काढाकाढ झाल्याची खूण करते, तिकडे पहिलं लक्ष. बदलाच्या चित्रात काढलेलं लाल रंगात दिसतं.

मग 'रिव्ह्यू रिक्वेस्टेड'. नवीन माणूस सेव्ह करताना 'माझं काम कोणी तरी तपासा' अशी खूण करू शकतो. पुष्कळजण करतातही, आणि कोणी तपासत नाही. इथे पाच मिनिटं दिलीत तर तुमच्या भागाला कायमचा एक हात मिळण्याची शक्यता असते. हा माझ्या मते सगळ्यात फायद्याचा वेळ.

त्यानंतर मोठे रस्ते, पूल, रेल्वे, किनारा. इमारतीचा आकार जरा चुकला तर कोणाचं काही बिघडत नाही. घोडबंदर रोडचा एक तुकडा तुटला तर कापूरबावडीहून कासारवडवलीला जाणारा प्रत्येक मार्ग वाकडा होतो.

नावांतले बदल शेवटी. त्यात ध चा मा झालेला असतो, पण वाहतूक अडत नाही.

सरावलेल्या माणसाचं वर्णन नीट असेल, सोर्स दिलेला असेल, तर नजर टाकून पुढे जा. सगळ्यांवर संशय घेत बसलात तर महिन्याभरात सोडून द्याल.

## ५. जागेवर जा

उपग्रहचित्रावरून नकाशा काढणं चुकीचं नाही. निम्मा नकाशा तसाच झाला आहे. पण उपग्रहचित्र केव्हाचं आहे ते पाहिल्याशिवाय डिलीट करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एडिटरमध्ये मिळणारी बिंग आणि एस्री या पुरवठादारांची चित्रं वेगवेगळ्या काळातली असतात, एकाच शहरात दोन तुकडे दोन सालांचे असतात. दूर कुठे तरी बसलेला माणूस उलव्यात बघतो, चित्रात मोकळी जमीन दिसते, नकाशात रस्ता दिसतो. त्याला वाटतं कोणी खोटा काढला. उडवतो. रस्त्यावरून मात्र रोज बस जात असते.

यावर साधा उपाय आहे. नव्या रस्त्यावर 'नोट' हा टॅग लावून लिहा: 'चित्र जुनं आहे, प्रत्यक्ष पाहून काढलं', आणि महिना-साल. पुढचा माणूस एडिटर उघडेल तेव्हा त्याला ते दिसतं. सगळेच वाचतात असं नाही, पण पुष्कळ वाचतात.

जागेवर गेल्यावर फलक वाचा आणि फोटो काढा. फोटोत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर येणार नाहीत असं बघा. जीपीएसवर आंधळा भरवसा नको. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये किंवा मेट्रोच्या मार्गाखाली उभं राहिलात तर ठिपका समोरच्या सोसायटीत जाऊन बसतो. एकाच रस्त्यानं दोनदा चालून दोन्ही रेघा ताडून बघा. उपग्रहचित्रही कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं. एडिटरमध्ये ते सरकवून जुन्या जीपीएस रेघांशी जुळवता येतं. चित्र जुळवायच्या ऐवजी शंभर इमारती सरकवणारे लोकही आहेत. त्यांच्यापैकी एक होऊ नका.

रहिवासी, रिक्षावाले, वॉचमन यांना विचारा. 'काका, हे गेट रात्री उघडं असतं का?' एवढ्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते कुठल्याही उपग्रहाला मिळत नाही.

## ६. दुरुस्तीआधी बोला

प्रत्येक चेंजसेटखाली चर्चेची जागा असते. तिथे लिहिलेलं त्या माणसाला ईमेलनं जातं. ओएसएमचावर चेंजसेटला 'वाईट' ठरवणारा अंगठा नुसता खाली करून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, हे लक्षात ठेवा.

सूर महत्त्वाचा. 'तुम्ही नकाशा खराब केला' असं लिहिलंत तर नवीन माणूस परत येत नाही आणि जुना माणूस वाद घालत बसतो. मी साधारण असं लिहितो:

'नमस्कार. ऐरोली नाक्यावरचा टोलबूथ आपण काढलेला दिसला. हलक्या वाहनांचा टोल बंद झाला आहे, पण अवजड वाहनांसाठी तो चालू असल्याचं मला वाटतं. आपण अलीकडे तिकडून गेला होतात का? हरकत नसेल तर बूथ परत आणून टोल फक्त अवजड वाहनांसाठी ठेवू या. काही मदत लागली तर जरूर सांगा.'

मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण त्याच्या वर्णनाची भाषा पाहून. दोन-चार दिवस थांबा. रस्ता तुटला असेल, चुकीच्या दिशेनं वन-वे झाला असेल, म्हणजे कोणाच्या जिवावर बेतू शकतं असं काही असेल, तर थांबू नका. आधी दुरुस्त करा, मग कळवा.

मोठ्या कंपन्यांचे पगारी नकाशेकारही आपल्या भागात काम करतात. त्यांच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव आणि कामाच्या पानाचा दुवा असायला हवा, अशी संघटित कामासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ पासून आहेत. चर्चेत उत्तर येत नसेल तर त्या पानावर विचारा.

## ७. मागे फिरवणं

एखाददुसरा टॅग असेल तर आयडीमध्ये हातानं बदला, विषय संपला. सगळा चेंजसेटच फिरवायचा असेल तर जोसम आणि त्याचं रिव्हर्टर नावाचं प्लगइन लागतं. चेंजसेटचा क्रमांक दिला की ते उलटा बदल तयार करून देतं, डिलीट झालेल्या गोष्टी त्याच जुन्या क्रमांकानं परत आणतं. लगेच अपलोड करू नका. मधल्या काळात तिसऱ्याच कोणी तरी त्या रस्त्यावर चांगलं काम केलं असेल तर जोसम टक्कर, म्हणजे दोघांच्या बदलांतला विरोध, दाखवतं. ती एकेक करून सोडवावी लागते, नाही तर त्या तिसऱ्याचं काम तुमच्या हातून पुसलं जातं.

वर्णनात कुठला चेंजसेट का फिरवला ते लिहा. समोरच्यानं परत तुमचं फिरवलं तर थांबा. तुमचं, त्याचं, तुमचं, त्याचं, असं सुरू झालं की बरोबर कोण हा प्रश्नच उरत नाही, दोघंही गोत्यात येतात. अशा वेळी आणि उघड नासधूस चालू असेल तेव्हा डेटा वर्किंग ग्रुपला, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या असे वाद हाताळणाऱ्या गटाला, कळवतात. खातं रोखण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. त्यांना लिहिताना चेंजसेटचे क्रमांक द्या, कैफियत नको.

## ८. आपल्याकडचे खास खड्डे

हा भाग सावकाश वाचा. आपल्याकडच्या बहुतेक चुका यातल्याच असतात.

उड्डाणपूल. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. या नकाशात दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि दोघींत सामायिक नोड नसेल तर तिथे चौक नाही, असं धरतात. पुलाच्या तुकड्याला 'ब्रिज' टॅग आणि वरचा 'लेयर', म्हणजे वर-खालचा थर, हवा. हा टॅग राहिला की आयडी इशारा देतो, 'दोन रस्ते एकमेकांना छेदतात', आणि खाली उपायांची बटणं दाखवतो: जोडा, पूल करा, बोगदा करा. नवीन माणूस भाबडेपणानं 'जोडा' दाबतो. इशारा गेला, हिरवं झालं, तो खूश. त्या क्षणापासून नेव्हिगेशन उड्डाणपुलावरच्या गाडीला 'उजवीकडे वळा' सांगतं, मधल्या हवेत. ऑस्मोज नावाची आपोआप चुका शोधणारी साइटही असेच इशारे देते. ती उपयोगी आहे, पण तिची यादी शून्यावर आणणं हा उद्देश ठेवू नका. इशारा म्हणजे 'इथे बघ', 'हे बदल' नव्हे. कापूरबावडीला आता मेट्रोचाही मजला आला, त्यामुळे लेयर आणखी जपून.

सोसायटीची मागची गेटं. उपग्रहचित्रात संकुलातला रस्ता इकडून तिकडे आरपार दिसतो, म्हणून तो साधा रस्ता म्हणून काढला जातो. मग डिलिव्हरीचा मुलगा मागच्या गल्लीत बंद गेटसमोर उभा, आणि वर राहणारी आजी फोनवर 'अरे बाळा, पुढून ये'. आतले रस्ते सर्व्हिस रस्ते म्हणून, 'ॲक्सेस' खासगी, आणि गेटाचा नोड नेमका रस्त्याच्या रेघेवर, बाजूला नाही. पायी जायला उघडं पण गाड्यांना बंद असलेलं गेट असेल तर तसं वेगळं नोंदवता येतं. एवढ्या एका गोष्टीनं पूर्ण सोसायटीचे फोन वाचतात.

सेक्टर. वाशीत सेक्टर १० आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे, खारघरला आहे. पत्त्यात नुसतं 'सेक्टर १०' लिहिलं तर शोध भलतीकडे नेतो. नोडचं, म्हणजे नकाशातल्या बिंदूचं नव्हे तर सिडकोच्या अर्थानं नोडचं (वाशी, नेरूळ असं), नाव सोबत हवंच.

नवी मुंबई कुठे संपते? नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून आहे आणि ती ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत, जिल्हा रायगड. पण खारघरचा माणूस पत्ता 'नवी मुंबई' असाच लिहितो आणि त्यात चूक काही नाही. दर काही महिन्यांनी कोणी तरी 'दुरुस्ती' म्हणून महापालिकेच्या हद्दीची रेघच खारघरपलीकडे ओढतो. पत्त्यातलं शहर लोक लिहितात तसं राहू द्या, हद्दीच्या रिलेशनला अधिसूचनेशिवाय हात लावू नका.

खाडी आणि तिवरं. किनाऱ्याची रेघ उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीवर काढायची असा संकेत आहे. ओहोटीचं चित्र बघून कोणी ती आत ओढतो आणि पाम बीच रोडच्या पलीकडचा चिखल जमीन होतो. तिवरांना 'फॉरेस्ट' नाही, पाणथळ आणि त्यात मॅन्ग्रोव्ह असा टॅग लागतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, तेव्हा ही रेघ कोण वापरेल सांगता येत नाही. आणि किनाऱ्याची रेघ एका ठिकाणी जरी तुटली तरी काही नकाशे आसपासची जमीन निळी रंगवतात. किनाऱ्यात गडबड दिसली आणि अनुभव नसेल तर स्वतः न करता जाणकाराला हाक मारा.

उद्घाटन म्हणजे सुरू नव्हे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून उडू लागली. मधले अडीच महिने नकाशावर 'चालू विमानतळ' दाखवणं बरोबर नव्हतं. उलट बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला फारसा गाजावाजा न होता सुरू झाली. अशा वेळी उशिरा लक्षात येतं आणि मार्ग 'बांधकाम चालू' असाच पडून राहतो. फीत कापल्याची बातमी वाचून काहीही बदलू नका. पहिला सामान्य माणूस कधी गेला ते बघा.

नावं. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ते 'दिघा' का 'दिघा गाव'? फलकावर आहे ते. लोक वेगळं म्हणत असतील तर पर्यायी नावाचा रकाना आहे. मराठी नावाला स्वतंत्र रकाना आहे, तिथे देवनागरीत लिहा. इंग्रजीवरून उलटं लिप्यंतर करू नका, त्यातूनच 'सानपाडा'चा 'सनपाडा' होतो.

## ९. गटानं काम करत असाल तर सामायिक तक्ता

चार-पाचजण मिळून टीएमटी किंवा एनएमएमटीचे (ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका बससेवांचे) थांबे तपासत असाल तर कोणी काय पाहिलं याची नोंद गुगल शीटमध्ये ठेवावी लागते. नकाशाला इतिहास आपोआप मिळतो, तक्त्याला थोडी शिस्त लावावी लागते.

रकाने थोडे ठेवा: थांब्याचं नाव फलकावरचं, रस्ता, दिशा, पाहिल्याची तारीख, पाहणाऱ्याचं टोपणनाव, नकाशात टाकलं का, शेरा. 'टाकलं का' या रकान्यात ड्रॉपडाउन लावा. नाही तर 'हो', 'होय', 'झालं' आणि बरोबरची खूण, असे चार प्रकार येतात आणि गाळणी चालत नाही. शीर्षकाची ओळ आणि सूत्रं 'प्रोटेक्ट' करा. फोन नंबर, रहिवाशांची नावं यांना रकानाच देऊ नका. दुवा कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही.

एक खास नवी मुंबईची पीडा. प्लॉट नंबर '५/१२' टाईप केलात की शीट त्याची तारीख करते, आणि मूळ काय होतं ते नंतर कळत नाही. भरायला सुरुवात करायच्या आधी तो संपूर्ण रकाना 'प्लेन टेक्स्ट' करा. भरून झाल्यावर केलं तर उपयोग नाही, तोवर आकडा बदललेला असतो.

कोणी काय बदललं हे बघायला एका चौकटीवर उजवी कळ दाबून 'शो एडिट हिस्ट्री'. सगळा तक्ता मागे न्यायचा असेल तर फाइलमधली 'व्हर्जन हिस्ट्री'. मोठं काम झालं की त्या आवृत्तीला नाव द्या, 'कोपरखैरणे थांबे पूर्ण' असं. नाव दिलेली आवृत्ती शोधायला सोपी जाते. आणि पूर्ण तक्ता मागे नेण्याआधी सगळ्यांना ग्रुपवर कळवा. तुम्ही काल रात्रीवर जाता तेव्हा आज सकाळी दुसऱ्यानं भरलेलंही समोरून जातं. एखाद्याच चौकटीचा प्रश्न असेल तर जुनी आवृत्ती उघडून तेवढंच कॉपी करून आणा.

बदल करण्याचा अधिकार 'दुवा असलेल्या कोणालाही' देऊ नका. दिलात तर इतिहासात नावाऐवजी 'अनामिक' येतं आणि मग विचारायचं कोणाला? बघायला सगळ्यांना खुलं, लिहायला मोजक्या खात्यांना. तक्ता ज्याच्या खात्यात आहे तो गट सोडणार असेल तर आधी मालकी दुसऱ्याकडे द्या, आणि तोवरची एक प्रत उतरवून ठेवा.